बेसचा टोन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. घरी हेडफोन लावून वाजवलं की साउंड एकदम भरदार वाटतो पण रिहर्सलला गेलो की मी वाजवतोय की नाही तेच कळत नाही. बेसवादक जॅको पास्टोरियसचा टोन (आवाजाचा पोत) मला वेड लावतो, तसं काहीतरी पण माझं स्वतःचं असं हवंय. बेस बदलू की प्रीअँप पेडल (आवाज घडवणारी पायाखालची डबी) घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता काहीच घेऊ नकोस, पैसे राहू देत. आधी ते गायब होण्याचं बघू. घरी एकटं वाजवताना जवळपास सगळेच अँपवरचे बेस (खालचे आवाज) आणि ट्रेबल (वरचे) चढवतात आणि मिड (मधले) पाडतात, कारण एकट्याला ऐकायला ते छान लागतं. बँडमध्ये मात्र खाली किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बसलेला असतो, वर सिंबल आणि गिटारचा कल्ला, तुझ्या वाट्याला राहतं ते मिड आणि नेमकं तेच तू काढून टाकलेलं असतं. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, छोट्या अँपमधून तेवढं खालचं नीट बाहेरच पडत नाही, आपला कान तो स्वर ८२, १२३ अशा वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या उपस्वरांवरून) ओळखतो. त्यामुळे पुढच्या रिहर्सलला सगळे नॉब मधोमध ठेव आणि ५०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं वाढव. एकट्याने ऐकलंस तर जरा नाकातला आवाज वाटेल, वाटू दे, ड्रम सुरू झाले की तोच जागेवर बसतो.

आता तुझं स्वतःचं म्हणशील तर ते उजव्या हातात आहे. जॅकोचा बेस होता १९६२चा फेंडर जॅझ, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढलेला, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवलेला, राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारा, आणि तो वाजवायचा मागच्या म्हणजे ब्रिजकडच्या (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकतात ती जागा) पिकअपजवळ, पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारं चुंबक. आता मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन घे, डेट्रॉइटवाला. त्याचाही फेंडर १९६२चाच, प्रिसिजन. पण जाड फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या) तारा, त्या बोर्डपासून चांगल्या उंच, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि वाजवायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. कंपनी एक, साल एक, आणि ऐकायला दोन वेगळी जगं! मॉडेल वेगळं आहे हे खरं, पण एवढा फरक मॉडेलने पडत नाही. एकाच तबला-डग्ग्यावर दोन तबलजी बसवले तर दोघांचा ‘धा’ वेगळा येतो ना, तसंच आहे हे.

मग करायचं काय? अँपला हात न लावता ए तारेवर एकच स्वर धर, समज पाचव्या फ्रेटचा डी, आणि एका बोटाने सारख्या जोरात वाजवत राहा. सुरुवात अगदी ब्रिजला चिकटून कर आणि हात हळूहळू नेककडे (गिटारच्या दांड्याकडे) सरकव. ब्रिजपाशी तार ताठ लागते, वरचे हार्मोनिक्स जास्त उठतात, आवाज टणक आणि रेखीव येतो, पुढे जाशील तशी तार बोटाखाली सैल होत जाते, मूळ स्वर फुगतो आणि नेकच्या टोकाशी पोचलास की नुसता गोल घुमारा उरतो. वाटेत कुठेतरी एक जागा येईल जिथे तुला थांबावंसं वाटेल, तिथे अंगठा टेकव आणि थोडे दिवस सगळी गाणी तिथूनच वाजव.

दुसरं म्हणजे स्वर संपतो कसा. याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि माझ्या मते टोनचा अर्धा भाग इथेच आहे. डाव्या हाताचं बोट नुसतं सैल सोडून तार बंद केलीस की स्वर मऊ संपतो, उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर ठेवून बंद केलास तर कापल्यासारखा. तीच लाइन एकदा किकसोबत स्वर तोडत वाजव, एकदा स्नेअरच्या (काठीने वाजवायच्या ड्रमच्या) ठोक्यापर्यंत लांबवत वाजव, गाण्याची चालच बदललेली वाटेल.

हे सगळं बँडसोबत रेकॉर्ड कर, फोन खोलीच्या मधोमध ठेवून. फोनमध्ये अगदी खालचं फारसं ऐकू येत नाही, म्हणूनच तो कामाचा आहे, त्यात तुझी लाइन कळली तर मिड बरोबर आहेत असं समज. आणि जॅकोची कॉपी खुशाल कर, पण त्याचा साउंड लावण्याआधी त्याची एखादी लाइन तोंडाने गाऊन बघ, तो कुठे श्वास घेतो आणि कुठला स्वर ओढतो ते गाताना जास्त कळतं.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवेत तारा पटकन मरतात. फ्लॅटवाउंड लावू का? रॉकला चालतील?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, जरूर लावून बघा. राउंडवाउंडच्या वेढ्यांमधल्या फटीत घाम आणि मळ साचतो, त्याने चमक जाते, फ्लॅटला तशा फटीच नसतात म्हणून त्या वर्षानुवर्षं चालतात, जेमरसन तर तार तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात. रॉकला चालतात, फक्त स्लॅपची (अंगठ्याने तार आपटून वाजवण्याची) ती खणखण मिळणार नाही. बऱ्याच फ्लॅट सेटचा ताण जास्त असतो, त्यामुळे लावल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मग नेक वाकलाय का ते बघा, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवायचा झाला तर एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नको.

प्रश्न : बेस पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवला की आमच्या ग्रुपमध्ये नावं ठेवतात. खरंच चुकीचं आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये कॅरोल के या बाईंनी पिकनेच बेस वाजवला, तारांवर फेल्टचा तुकडा लावून. तुम्हीही जाड पिक घ्या, ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा आणि टोन नॉब अर्ध्यावर आणा. ‘टक’ असा आवाज जास्त येत असेल तर पिक थोडी तिरकी धरा.