स्पॅनिश शिकायचंय? मग मधली इंग्रजी काढून टाका

स्पॅनिशबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळत असे. आता संध्याकाळी अशोक चौकाजवळ घरीच शिकवते. त्यामुळे उत्तरांत टॉवेल आणि चादरी येणारच. स्पॅनिश शब्द इथे लॅटिन अमेरिकेच्या उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

मी मोबाइलवरच्या ॲपमधून इंग्रजीतून स्पॅनिश शिकते. ‘मला आवडतं’ हे वाक्य काही केल्या बसत नाही. ‘यो गुस्तो’ चूक आणि ‘मे गुस्ता’ बरोबर, असं का? शिवाय मध्येच ‘गुस्तान’ कुठून येतं?
— बी.कॉम.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

तू प्रश्नातच उत्तर लिहिलं आहेस, फक्त ॲपने ते तुला दिसू दिलं नाही. ‘मला आवडतं’ असं तू म्हणतेस, ‘मी आवडते’ असं म्हणत नाहीस. ‘मला चहा आवडतो, मला शेंगदाणे आवडतात’ यात क्रियापद कोणाच्या मागे चाललं आहे? चहाच्या आणि शेंगदाण्यांच्या. स्पॅनिशही हेच करते: ‘मे गुस्ता एल ते’, ‘मे गुस्तान लोस काकाउएतेस’. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांना हे वाक्य उलटं वाटतं आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं खर्च होतात. ती पानं तुझ्यासाठी नाहीतच.

याच कुटुंबातली आणखी वाक्यं लगेच घे. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे डोकं दुखतंय, ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटतं, ‘मे फाल्ता तिएम्पो’ म्हणजे मला वेळ कमी पडतो. सगळीकडे ‘मला’ आहे.

जपायचं ते एका जागी. ‘आईला चहा आवडतो’ हे स्पॅनिशमध्ये ‘आ मि माद्रे ले गुस्ता एल ते’ असं होतं. ‘आईला’ म्हणून झालं तरी ‘ले’, म्हणजे ‘तिला’, पुन्हा म्हणावंच लागतं. मराठीत ते एकदाच पुरतं, म्हणून आपल्या मुलांच्या वहीत हा ‘ले’ नेहमी गळतो. तसंच चहाच्या आधीचा ‘एल’ सोडायचा नाही.

आणि हेही लगेच शिकून टाक. ‘मी घर बघते’ पण ‘मी बहिणीला बघते’. माणूस आला की आपण ‘ला’ लावतो, स्पॅनिश ‘आ’ लावते: ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मि एर्माना’. त्याहून सुंदर जोडी पुढची आहे. कोणीही चालेल असा डॉक्टर हवा असेल तर आपण ‘डॉक्टर शोधतेय’ म्हणतो, आपलेच डॉक्टर दिसत नसतील तर ‘आमच्या डॉक्टरांना शोधतेय’. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘बुस्को उन मेदिको’, दुसऱ्याला ‘बुस्को आ मि मेदिको’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो. तुझ्या कानात तो लहानपणापासून बसलेला आहे.

‘सेर’ आणि ‘एस्तार’ दोन्हींचा अर्थ ‘असणे’. पुस्तकात कायमच्या गोष्टीला ‘सेर’ आणि तात्पुरत्या गोष्टीला ‘एस्तार’ असा नियम दिला आहे. तो लावला की निम्म्या वेळा चुकतो. मुलांना कसं समजावू?
— निवृत्त शिक्षक, अक्कलकोट रस्ता

सर, चुकतंय ते तुमचं नाही, नियमाचं. सोलापूर कुठे हलणार आहे? तरी ‘सोलापूर एस्ता एन महाराष्ट्र’ असंच म्हणतात, म्हणजे ‘एस्तार’. माणूस मेला तर त्याहून कायमचं काय असणार, पण तिथेही ‘एस्ता मुएर्तो’. उलट विद्यार्थी काही जन्मभर विद्यार्थी राहत नाही, तरी ‘एस एस्तुदिआन्ते’.

मी मुलांना काळाचं काही सांगतच नाही. वस्तू काय आहे, कोणाची, कुठली, कशाची बनलेली, हे सांगायचं असेल तर ‘सेर’. ती कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगायचं असेल तर ‘एस्तार’. मेलेला असणं ही अवस्था आहे, म्हणून ‘एस्तार’. टॉवेल सुती आहे तर ‘सेर’, ओला आहे तर ‘एस्तार’.

ठिकाणाच्या बाबतीत एक फाटा आहे, तो आपल्या गावाच्या उदाहरणाने पक्का होतो. सिद्धेश्वराचं देऊळ सोलापुरात आहे, ती वास्तू, तिथे ‘एस्ता’. पण गड्ड्याची जत्रा सोलापुरात असते, तो प्रसंग, तिथे ‘एस’: ‘ला फेरिया एस एन सोलापूर’. सभा, लग्न, परीक्षा, जे घडतं त्याचं ठिकाण सांगताना ‘सेर’.

मग मुलांना जोड्या द्या, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘एल मांगो एस बेर्दे’ म्हणजे आंबा रंगाने हिरवा, ‘एस्ता बेर्दे’ म्हणजे कच्चा. ‘एस लिस्तो’ हुशार, ‘एस्ता लिस्तो’ तयार. ‘एस आबुर्रिदो’ कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रिदो’ कंटाळलेला. ‘एस रिको’ श्रीमंत, आणि भाजीबद्दल ‘एस्ता रिको’ म्हटलं तर ती चविष्ट झाली आहे. मराठी इथे दोन वेगळे शब्द वापरते. त्यामुळे आधी मराठी शब्द निवडायचा आणि मग क्रियापद, असं करवून घ्या.

चालू असलेल्या कामालाही ‘एस्तार’ लागतं. आपण ‘काय करायलास?’ विचारतो, तिथे ‘के एस्तास आसिएन्दो?’. ‘जेवायलोय’ म्हणजे ‘एस्तोय कोमिएन्दो’.

गिऱ्हाइकांना मेल लिहितो. ‘पोर’ आणि ‘पारा’ दोन्हींना मी ‘साठी’च समजतो आणि अंदाजाने टाकतो. शिवाय इंग्रजीसारखे दिसणारे शब्द बिनधास्त वापरतो. त्यात काही धोका आहे का?
— निर्यात विभागातील कर्मचारी, चिंचोळी एमआयडीसी

धोका आहे, आणि तुमच्या धंद्यात तो पैशांचा आहे.

आधी ‘साठी’चं बघू. ‘साठी’ काढून ‘मुळे’, ‘बद्दल’, ‘च्या बदल्यात’, ‘मार्गे’ यांपैकी काही बसतंय का, ते तपासा. बसलं तर ‘पोर’: ‘ग्रासियास पोर सु पेदिदो’, तुमच्या ऑर्डरबद्दल आभार. टॉवेलांच्या बदल्यात दिलेले पैसे ‘पोर’, जहाजाने पाठवलेला माल ‘पोर बार्को’. काहीच बसलं नाही आणि ‘साठी’ किंवा ‘पर्यंत’च उरलं तर ‘पारा’: ‘तोआयास पारा एल क्लिएन्ते’, ‘पारा एल लुनेस’, म्हणजे सोमवारपर्यंत. ‘लो ईसे पोर ति’ म्हणजे तुझ्याखातर केलं, ‘लो ईसे पारा ति’ म्हणजे तुला द्यायला केलं. ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, पण व्यापारी पत्रांत सहसा दगा देत नाही.

आता फसवे शब्द. कापडाच्या गावात सर्वांत घातक शब्द ‘फाब्रिका’. तो दिसतो इंग्रजी फॅब्रिकसारखा, पण अर्थ आहे कारखाना. कापड म्हणजे ‘तेला’. ‘आमच्या फाब्रिकाचा नमुना पाठवतो’ असं लिहिलंत तर समोरचा बुचकळ्यात पडेल. दुसरा ‘लार्गो’. तो लार्ज नव्हे, लांब. मोठा म्हणजे ‘ग्रान्दे’, रुंद म्हणजे ‘आन्चो’. टॉवेलाची मापं लिहिताना हे तीन शब्द समोर चिकटवून ठेवा. ‘कार्पेता’ म्हणजे कागदांचं फोल्डर, गालिचा ‘आल्फोम्ब्रा’. ‘रोपा’ म्हणजे कपडे, दोर नव्हे. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या. ‘आसिस्तिर’ म्हणजे हजर राहणं, मदत करणं नव्हे. ‘कोन्तेस्तार’ म्हणजे उत्तर देणं, त्यात वाद नाही. ‘एक्सितो’ म्हणजे यश. आणि कुणा बाईंना ओशाळल्यासारखं झालं असं सांगायला ‘एम्बारासादा’ कधीही लिहू नका, त्याचा अर्थ गरोदर.

आकड्यांत तर दुप्पट काळजी घ्या. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे. तो आपला लाख कोटी आहे. बिलियनला, म्हणजे शंभर कोटींना, ‘मिल मियोनेस’ म्हणतात. स्पेन आणि अर्जेंटिनामध्ये हजारांनंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम देतात, मेक्सिकोत आपल्यासारखं. १.५०० असा आकडा माद्रिदहून आला तर तो दीड हजार आहे.

चादरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. ‘साबाना’ म्हणजे गादीवर घालायची पातळ चादर. आपली जाड सोलापुरी चादर अंगावर घ्यायची असते, तिला स्पेनमध्ये ‘मान्ता’ म्हटलेलं समजेल, मेक्सिकोत ‘कोबिखा’, अर्जेंटिनात ‘फ्रासादा’. माल ज्या देशात जातोय तिथला शब्द वापरा.

सबजंक्टिव्ह म्हणजे नेमकं काय? सगळे म्हणतात तिथे पोचलं की लोक स्पॅनिश सोडून देतात.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विजापूर रोड

इंग्रजीतून शिकणारे सोडत असतील, कारण त्यांच्या भाषेत ते रूप जवळजवळ झिजून गेलं आहे. तू रोज वापरतोस. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातलं ‘यावंस’ बघ. तू आलास असं मी सांगत नाही, येशील असंही नाही. फक्त इच्छा आहे. स्पॅनिशमध्ये ‘किएरो के बेन्गास’. ‘तू जावंस हे बरं’ म्हणजे ‘एस मेखोर के बायास’. ‘ऑर्डर वेळेत पोचावी अशी आशा आहे’ म्हणजे ‘एस्पेरामोस के एल पेदिदो येगे आ तिएम्पो’. जिथे ‘-आवं, -आवी, -आवेत’ येतं तिथे शंभरदा थांबून स्पॅनिश वाक्य तयार कर, ते रूप आपोआप तोंडी येईल.

मला सर्वांत प्रिय शब्द ‘ओखाला’. तो अरबीतून स्पॅनिशमध्ये आला, त्याच्या मुळाशी देवाच्या इच्छेची प्रार्थना आहे. ‘ओखाला युएबा’ म्हणजे पाऊस पडो. आपल्या जिल्ह्यात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मराठी साथ सोडते ती ‘कुआन्दो’पाशी. ‘पोचलास की फोन कर’ यात आपण ‘पोचलास’ असं भूतकाळाचं रूप घेतो, स्पॅनिश मात्र अजून न घडलेल्या गोष्टीला तेच इच्छेचं रूप लावते: ‘कुआन्दो येगेस, यामामे’. हे वेगळं पाठ कर. भूतकाळाची दोन रूपं मात्र तुला जड जाणार नाहीत. ‘फुई’ म्हणजे गेलो, ‘इबा’ म्हणजे जायचो किंवा जात होतो.

उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालेल का? वय पंचावन्न आहे, मुलगी स्पेनमध्ये असते.
— गृहिणी, नवी पेठ

सुरुवातीला जरूर लिहा, ताई. त, द, प, क हे आपले स्वच्छ उच्चार स्पॅनिशला हवे तसेच आहेत. इंग्रजीतला ट-ड तेवढा आणू नका. ‘एच’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘जे’ म्हणजे घशातला खरखरीत ख, आपल्याकडे उर्दू बोलणाऱ्यांच्या ‘ख़बर’मधला. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, तिथे र थरथरवायचा. स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘ग्रासियास’मधला स दातांत जीभ धरून उच्चारतात, मुलीकडून ऐकून घ्या.

पण देवनागरी एका जागी अपुरी पडते, ते म्हणजे आघात. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्लो’मध्ये आ वर जोर दिला तर ‘मी बोलते’, लो वर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’मध्ये पहिल्या पा वर जोर म्हणजे लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर म्हणजे बाबा. म्हणून शब्द लिहून घेताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. शब्द स्वरात, न किंवा स मध्ये संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर. हे मोडणाऱ्या शब्दावर स्पॅनिश लोक स्वतःच तिरकी खूण देतात.

लिंगं दोनच आहेत, आपलं ‘ते’ तिथे नाही. नाम कधी एकटं पाठ करू नका, ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच करा. ‘ला मानो’, म्हणजे हात, आणि ‘एल प्रोब्लेमा’ ही उलटी वाटणारी नामं मग आपोआप जमतात.

वयाचं मनावर घेऊ नका. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि रोग्यांमध्ये राहून तिथली भाषा शिकले. तुमच्याकडे तर रोज फोनवर बोलायला मुलगी आहे. ठरावीक वेळ फक्त स्पॅनिशमध्ये बोलायचं, असं तिच्याशी ठरवून टाका.

परीक्षा कोणती द्यावी?
— तीन वाचक

‘देले’. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही स्पॅनिश शिकवणारी संस्था ती घेते, त्यांचं केंद्र नवी दिल्लीत आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. ‘सिएले’ ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, तिचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. निर्यातीच्या कामासाठी किमान बी-१ गाठा. शब्दाचा अर्थ अडला तर रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. इंग्रजी अर्थाकडे वळण्याआधी तो उघडायची सवय आतापासूनच लावा.