मताचा हक्क घटनेत, यादी कारकुनाच्या हाती : वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे हक्क आणि तेथील कायदे यांविषयी येणाऱ्या पत्रांत त्याच चार-पाच शंका फिरून फिरून येतात, आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ परीक्षार्थींना विकल्या जाणाऱ्या ‘एका पानात इतिहास’ छापाच्या टिपणांत सापडते. म्हणून ही उत्तरे.

प्रश्न : लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी अमेरिकेतील सर्व गुलाम मुक्त केले ना?

उत्तर : नाही. त्या दिवशीचा मुक्तीचा जाहीरनामा यादवी युद्धातील बंडखोर प्रदेशांपुरता होता. संघराज्यात राहिलेल्या केंटकीसारख्या गुलामधारी राज्यांना तो लागू नव्हता.

प्रश्न : महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, तेव्हा तेथील गुलामी संपली होती का?

उत्तर : कायद्याने संपली होती. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम घेता येईल, हा अपवाद तिच्यातच ठेवलेला आहे. दक्षिणेतील राज्यांनी कामधंद्याशिवाय फिरणे हाही गुन्हा ठरवला आणि पकडलेले कैदी खाणमालकांना व मळेवाल्यांना भाड्याने दिले. अलाबामात हा व्यवहार १९२८ पर्यंत चालला. प्रकल्पवहीत काही लिहिण्यापूर्वी दुरुस्तीचा मूळ मजकूर वाचावा. तो अवघा दोन वाक्यांचा आहे.

प्रश्न : पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्येच मताधिकार दिला, तर १९६५ च्या मतदान हक्क कायद्याची गरज काय? आमच्या क्लासच्या नोट्समध्ये ‘निरक्षरतेमुळे मतदान कमी’ असे कारण आहे.

उत्तर : त्या नोट्स रद्दीत द्याव्यात. वर्ण, वंश किंवा पूर्वीची गुलामी यांवरून मत नाकारता येणार नाही, एवढेच ती दुरुस्ती सांगते. दुसरे निमित्त शोधण्याची वाट तिने मोकळी ठेवली. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत दोन डॉलरचा मतदान कर बसवला आणि घटनेचे कलम वाचून दाखवण्याची किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. लुइझियानाने १८९८ मध्ये, ज्याचे बाप-आजे १८६७ च्या आरंभी मतदार होते त्याला अशा अटींतून सूट दिली. म्हणजे निरक्षर गोरा यादीत आणि कृष्णवर्णीय बाहेर. तेथील कृष्णवर्णीय मतदार १८९६ मध्ये सुमारे १,३०,००० होते, ते १९०४ पर्यंत सुमारे १,३०० उरले. आठ वर्षांत एवढी माणसे अक्षरे विसरत नाहीत.

सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे नोंदणी कारकून ठरवत असे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मळ्यावर हजेरीचा हिशेब ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय फॅनी लू हेमर आणखी १७ जणांसह मतदार म्हणून नाव नोंदवायला मिसिसिपीतील इंडियानोलाच्या कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांना ‘डी फॅक्टो’ (कागदावर नसले तरी प्रत्यक्षात चालणाऱ्या) कायद्यांविषयीचे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला सांगण्यात आले. लिहिता-वाचता येणाऱ्या हेमर नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग चुकीचा आहे म्हणून चालकाला दंड केला. अर्ज मागे घेण्यास नकार दिल्यामुळे हेमर यांना त्याच रात्री मळा सोडावा लागला. १९६५ च्या कायद्याने अशा परीक्षा थांबवल्या आणि केंद्राला स्वतःचे नोंदणी अधिकारी पाठवता येऊ लागले, तेव्हा मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी दोन-अडीच वर्षांत सुमारे ७ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास गेली. खिडकीमागचा माणूस बदलल्यावर ‘निरक्षरता’ कोठे गेली, हे क्लासवाल्यांना विचारावे.

प्रश्न : गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर शाळा लगेच एक झाल्या का?

उत्तर : नाही. न्यायालयाने मुदतच घातली नाही, आणि व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) तर १९५९ ते १९६४ सरकारी शाळांना कुलूप लावले.

प्रश्न : माझी मुलगी जॉर्जियात असून आता अमेरिकी नागरिक आहे. मतदानाचा तो १९६५ चा कायदा रद्द झाला, असा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. खरे काय?

उत्तर : कायदा रद्द झालेला नाही. कोणत्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी, हे ठरवणारे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालाने रद्द केले आणि जॉर्जियावरचे ते बंधन सुटले. ओळखपत्राचे नियम व मुदती राज्यागणिक वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात. तुमच्या मुलीने हे सारे तेथील निवडणूक कार्यालयाकडूनच पक्के करून घ्यावे आणि नाव वगळल्याची नोटीस आलीच, तर त्याच आठवड्यात स्थानिक वकिलाला दाखवावी. मुदत उलटल्यावर मला पत्र लिहून उपयोग नाही.