इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याभोवतीचं रान खरोखर प्राचीन आहे हे कसं ओळखावं?

आधी रानाची कड बघा: जुना, रुंद, झिजलेला मातीचा बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर असेल, तर रान प्राचीन असण्याची शक्यता मोठी. गुरं आत शिरून कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून चर बाहेर खणत. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून सलग टिकलेल्या रानालाच ‘प्राचीन’ म्हणतात. आत हेझेल किंवा ॲश या झाडांची बुंध्यापासून पुन्हापुन्हा छाटलेली रुंद खोडं शोधा. पूर्व इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या ब्रॅडफील्ड वुड्स या रानात अशी छाटणी 1252 पासून चालू आहे. एप्रिल-मेमध्ये जा, तेव्हा जमीन बोलते. पांढऱ्या फुलांची वुड ॲनिमोनी ही रानवनस्पती शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरते, त्यामुळे तिचा मोठा गालिचा हा भक्कम पुरावा.

नुसत्या ब्लूबेलवर, म्हणजे वसंतात फुलणाऱ्या निळ्या रानफुलावर, मात्र विसंबू नका. ओलसर पश्चिम भागात ती कुंपणाकडेलाही उगवते, आणि गावाजवळ बागेतून निसटलेली स्पॅनिश जात हमखास सापडते. अस्सल देशी ब्लूबेलचा दांडा एका बाजूला झुकतो, पराग मलईसारखे पांढरट असतात. स्पॅनिशचा दांडा ताठ, पराग बहुधा निळे. प्राचीन रानांच्या मूळ सरकारी यादीत दोन हेक्टरांखालची रानं बरेचदा सुटली होती, म्हणून जुने नकाशेही ताडून पाहा.