बेसिनखाली कोणकोणते भाग असतात आणि बंद घर उघडल्यावर तिथून वास का येतो?

गणपतीसाठी मालवणचे घर उघडले तेव्हा बेसिनमधून घाण वास येत होता आणि खाली थेंब थेंब पाणी गळत होते, तर प्लंबर येईपर्यंत कोणता भाग कशासाठी आहे ते तरी कळावे, असे आपण विचारले आहे. माझे घर वेंगुर्ल्यात आहे आणि हे दोन्ही त्रास मी स्वतः निस्तरले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

बेसिनखाली पाणी येण्याची आणि जाण्याची अशा दोन स्वतंत्र वाटा असतात. येणाऱ्या वाटेवर भिंतीत बसवलेला अर्ध्या इंचाचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करण्याची चावी, आणि तिथून नळापर्यंत गेलेला लवचिक कनेक्शन पाइप असतो. जाणाऱ्या वाटेवर बेसिनच्या भोकातले वेस्ट कपलिंग, त्याखाली बॉटल ट्रॅप आणि पुढे वेस्ट पाइप असतो. नळ बंद ठेवून सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत आणि खाली वर्तमानपत्र पसरावे. तासाभरात कागद भिजला, तर दोष बहुधा येणाऱ्या वाटेवर आहे, कारण टाकीतल्या पाण्याचा दाब तिथे रात्रंदिवस असतो. कागद कोरडा राहिला, तर बेसिन भरून पाणी एकदम सोडावे. तेव्हाच गळले, तर कपलिंगचा किंवा ट्रॅपचा रबरी वॉशर बदलायला झाला आहे असे बहुधा निघते. कपलिंगच बदलायचे झाल्यास, बेसिनला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचे, म्हणजे जादा पाणी जाण्याचे, भोक असेल तर हाफ थ्रेड (अर्ध्या लांबीवर आटे असलेले) आणि नसेल तर फुल थ्रेड (पूर्ण लांबीवर आटे असलेले) मागावे.

वासाचे मूळ मात्र बॉटल ट्रॅपमध्ये आहे. त्याच्या वाटीत वरून आलेली नळी बुडलेली असते आणि बाहेर जाण्याचे तोंड त्या नळीच्या टोकापेक्षा उंचावर असते, त्यामुळे वाटीत थोडे पाणी कायम साचून राहते. गटारातली हवा आणि झुरळे अडवते ते एवढेच पाणी. घर मुंबईकरांचे असले आणि शिमग्यानंतर थेट भाद्रपदातच उघडले, तर मधल्या उन्हाळ्यात ते आटून जाते. अशा वेळी बेसिनमध्ये दोन तांबे पाणी ओतले की बहुतेकदा वास थांबतो. न थांबल्यास खाली बादली ठेवून वाटी हाताने फिरवून काढावी. केस आणि साबणाचा काळा चिकट गोळा निघेल. वाटी परत बसवताना आतला वॉशर जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपून पाहावे आणि वाटी हातानेच आवळावी, कारण पान्याने प्लास्टिकचे आटे मोडतात.

खाऱ्या वाऱ्याबद्दल मला विशेष काळजीने सांगावेसे वाटते. माझ्याकडे स्टीलच्या जाळीच्या कनेक्शन पाइपवर तांबूस ठिपके दिसत होते आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. पुढे एके दिवशी पुसताना जाळीची तुटलेली तार बोटात घुसली, तेव्हा आतली रबरी नळी त्या जागी फुग्यासारखी वर आलेली दिसली. घर बंद असताना ती फुटली असती, तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहिले असते. म्हणून गंजाचा पहिला ठिपका दिसताच पाइप बदलावा. ट्रॅप किनाऱ्यावर तरी चांगल्या प्लास्टिकचाच घ्यावा. स्वस्त धातूवरचा चकचकीत मुलामा इथे लवकर सुटतो. परत जाताना अँगल कॉक बंद करावा, वाटी भरेल इतके पाणी ओतून त्यावर दोन चमचे गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी हळू आटते, आणि भोकाला बूच लावावे.