इनहेरिटन्स डोक्यात शिरत नाही, मग कोडिंग सोडू का?

परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ती डायरेक्ट सेकंड इयरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आलीये. डिप्लोमात सी छान जमायचं, पण आता जावात इनहेरिटन्स (एका क्लासवरून, म्हणजे साच्यावरून, दुसरा क्लास बनवणं) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने उत्तर देणं) सुरू झालं आणि गाडी अडली. व्याख्या पाठ आहेत, पेपरात मार्कही पडतात, पण व्हायव्हाला सरांनी विचारलं की रेफरन्स (ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारं नाव) पॅरेंटचा, म्हणजे मूळ क्लासचा, आणि ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली वस्तू) चाइल्डचा, म्हणजे त्यावरून बनवलेल्या क्लासचा असेल तर मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) कुणाची चालेल, तेव्हा तिला काहीच बोलता आलं नाही. आता तिला वाटतंय की टेस्टिंग नाहीतर डेटा ॲनालिटिक्सकडे वळावं, तिथे हे लागत नसेल, आणि बाबा म्हणतायत सरळ एमपीएससीचा अभ्यास सुरू कर.

अगं, टेस्टिंगला गेलीस तरी हे सुटत नाही बरं का. ऑटोमेशन टेस्टिंग शिकायला बसलीस की सेलेनियम नावाच्या टूलमध्ये पहिल्याच दिवशी जी ओळ लिहायला लावतात तिच्यात डावीकडे वेबड्रायव्हर असतं आणि उजवीकडे न्यू क्रोमड्रायव्हर. वेबड्रायव्हर हा इंटरफेस (कुठल्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार) आणि क्रोमड्रायव्हर हा त्यामागचा खरा क्लास, म्हणजे तुला व्हायव्हाला विचारलेला प्रश्नच तो, फक्त कपडे बदलून आलेला. उद्या फायरफॉक्सवर टेस्ट चालवायची तर ती एक ओळ बदलायची, खालच्या शेकडो ओळी तशाच राहतात. डेटाकडे गेलीस तर सायकिट-लर्न ह्या पायथनच्या लायब्ररीत अंदाज करणारं मॉडेल कुठलंही घे, फिट आणि प्रेडिक्ट ह्याच नावाच्या मेथड, म्हणून तर एक मॉडेल काढून दुसरं बसवता येतं. तेव्हा पळून जायला जागा नाहीये, आणि खरं सांगू का, पळायची गरजही नाहीये.

सी येतं आणि हे येत नाही, ह्यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. सीमध्ये फंक्शनचं नाव लिहिलं की कुठलं फंक्शन चालणार ते तिथेच दिसतं. इथे ते प्रोग्राम चालू झाल्यावर ठरतं, आणि वर्गात हे प्राणी, कुत्रा, मांजर अशा उदाहरणाने शिकवतात, कुत्रा भुंकतो मांजर म्याँव करते, पण ह्याची गरज कुणाला आणि कशासाठी पडली ते त्यात दिसतच नाही, मग मुलं व्याख्या पाठ करतात, दुसरं करणार तरी काय. गरज मात्र खरी होती. नॉर्वेत ओस्लोला ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड सिम्युला नावाची भाषा बनवत होते, १९६७ च्या सुमारासची गोष्ट, आणि त्यांच्यासमोरचं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याला लागलेली ट्रक आणि बसची रांग. रांगेला ट्रक की बस ह्याच्याशी घेणंदेणं नाही, तिला फक्त गाडी कळते, पण गाड्यांचं वागणं तर वेगवेगळं. ह्या कामासाठी दोघांना पुढे २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

आता तू एसटीचं तिकीट घे. तिकीट नावाचा क्लास कर, त्यात भाडे नावाची मेथड, ती पूर्ण भाडं परत देते. मग २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला, तर अमृततिकीट हा क्लास तिकीटला एक्सटेंड करतो, म्हणजे त्याचा चाइल्ड होतो, आणि भाडे शून्य देतो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, महिलातिकीट अर्धं देतो. आता बसमधल्या चाळीस तिकिटांची एक यादी कर, प्रकार तिकीट, आत तिन्ही प्रकारची मिसळ, आणि लूप लावून प्रत्येकाचं भाडे विचारून बेरीज कर. लूपमध्ये एकही इफ नाही. हे एकदा हाताने टाइप करून चालवच, आणि मग मुद्दाम तेच सगळं इफ-एल्सने लिहून बघ, आणि त्यात विद्यार्थी पास घाल, म्हणजे बेरजेत, छपाईत, दिवसाच्या हिशोबात, जिथे जिथे इफची माळ आहे तिथे तिथे हात घालावा लागतो आणि एखादी जागा हमखास राहून जाते.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर पण ह्यातच आहे. तिकीट टी = न्यू महिलातिकीट, असं लिहिलंस तर कंपायलर, म्हणजे चालवण्याआधी कोड तपासणारा प्रोग्राम, डावीकडे बघून एवढंच तपासतो की तिकीटमध्ये भाडे नावाची मेथड आहे का, आणि चालवताना जेव्हीएम (जावाचा कोड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) बघतं की ऑब्जेक्ट खरा कुणाचा आहे, म्हणून महिलातिकीटची मेथड चालते. पण फील्ड (ऑब्जेक्टमध्ये साठवलेली माहिती) आणि स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टची नाही, थेट क्लासची मेथड) ह्यांना हे लागू नाही, तिथे डावी बाजूच ठरवते, आणि इंटरव्ह्यूवाले नेमके इथेच अडकवतात. आणखी एक, चाइल्डमध्ये मेथड लिहिताना पॅरामीटरचा टाइप चुकून वेगळा पडला तर ते ओव्हरराइड (पॅरेंटच्या मेथडच्या जागी आपली मेथड) न होता ओव्हरलोड (त्याच नावाची आणखी एक वेगळी मेथड) होतं, एरर येत नाही, गुपचूप पॅरेंटची मेथड चालते आणि बाईंना पूर्ण भाडं लागतं. म्हणून मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड लिहायची सवय आत्ताच लाव, मग कंपायलर तिथल्या तिथे पकडतो.

आता खरी मजा. ७६ वर्षांच्या आजी बसमध्ये चढल्या. त्या महिलातिकीट की अमृततिकीट? दोन्ही. आणि जावा एका क्लासला दोन क्लास एक्सटेंड करू देत नाही. ह्यावर थोडं बस, लगेच उत्तर शोधू नकोस. मला वाटतं इनहेरिटन्स खरं कळतं ते इथे, जेव्हा ते कुठे लावायचं नाही ते कळतं. सवलत हा तिकिटाचा प्रकारच नाहीये, तिकिटाला लागलेली गोष्ट आहे. म्हणजे तिकीट क्लास एकच ठेवायचा, सवलत नावाचा इंटरफेस करायचा, महिलासवलत, अमृतसवलत, पूर्णभाडे हे तीन क्लास तो इम्प्लिमेंट करतात, आणि तिकिटाच्या आत सवलतीचा एक रेफरन्स ठेवायचा. आजींना ज्या ज्या सवलती लागू आहेत त्यातली सगळ्यात कमी भाड्याची निवडायची. इफ पूर्ण जात नाही हां, सवलत निवडताना राहतोच, पण एकाच जागी राहतो. ह्याला कंपोझिशन म्हणतात आणि पॉलिमॉर्फिझम ह्यातही शाबूत आहे.

ही चूक मोठ्यामोठ्यांकडून झालीये. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत स्टॅक, म्हणजे वरून ठेवायची आणि वरूनच काढायची रास, हा क्लास व्हेक्टर ह्या साध्या यादीच्या क्लासला एक्सटेंड करतो, त्यामुळे स्टॅकमध्ये मधेच कुठेही आयटम घुसवता येतो, जे स्टॅकमध्ये चालायलाच नको. जुना कोड मोडेल म्हणून ते आता काढता येत नाही आणि जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की त्याऐवजी डेक (Deque) हा इंटरफेस वापरा. तेव्हा एक्सटेंड लिहिण्याआधी दर वेळी स्वतःला विचार, जिथे पॅरेंट चालतो तिथे हा चाइल्ड बिनधास्त चालेल का? कोड कमी लिहावा लागतो एवढ्यासाठी एक्सटेंड करू नकोस.

ह्याचा नोकरीशी संबंध सरळ आहे. फ्रेशरच्या इंटरव्ह्यूला ओव्हरलोडिंग-ओव्हररायडिंग, ॲबस्ट्रॅक्ट क्लास की इंटरफेस हे प्रश्न येतातच, आणि बहुतेक मुलं तोच कुत्रा-मांजर सांगतात. तू आजींचं तिकीट सांग, आधी काय केलंस, कुठे अडलं, मग इंटरफेस का घेतला ते सांग, समोरचा पुढचा प्रश्न स्वतःहून विचारेल आणि तो तुझ्या ओळखीच्या रस्त्यावरचा असेल.

बाबांच्या म्हणण्याबद्दल. एमपीएससी वाईट नाही, पण ती त्या कामाची ओढ आहे म्हणून करायची, जावाला घाबरून नाही, कारण तिथला अभ्यास ह्याहून सोपा नाहीये आणि वर्षं जातात. पदवी लागतेच, ती तर होऊ दे. बाबांना शांतपणे सांग की प्लेसमेंटला अजून वेळ आहे, हे सेमिस्टर मला द्या. ते काळजीपोटी बोलतायत, त्यांच्याशी भांडू नकोस.

टेस्टिंग खरंच आवडत असेल तर जरूर जा, चांगलं काम आहे, पण आधी ही तिकिटं लिही. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये लिही, मोबाइलवर ऑनलाइन कंपायलरही चालतो. आजींना शून्य भाडं आलं की कोड मला पाठव, आणि त्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट घालताना जुन्या किती फाइल उघडाव्या लागल्या तेही लिही.