वाचलेले पैसे कुठे आहेत?

दिवाळी सरली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक ठरलेली तक्रार यायला लागते. माणसं बदलतात, वाक्य तेच. "मॅडम, ऑफर दिसली की हात थांबत नाही. हे व्यसन आहे का?" कधी स्वतःबद्दल, बऱ्याचदा घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल. इतक्यांदा ऐकलं की शेवटी एका केसबद्दल सविस्तर लिहायला घेतलं. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि सात-आठ भेटींमधलं बोलणं इथे चार-दोन संवादांत बसवलंय.

फोन मुलाचा होता. नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर. "आईला शॉपिंगचं व्यसन लागलंय. माळ्यावर जागा नाही, दिवाणात जागा नाही. बाबा काही बोलले की जेवायची थांबते." मी म्हटलं, आईंना विचारून आणा, फसवून नको. (बीपी तपासायचंय असं सांगून माणसाला समुपदेशकाच्या दारात उभं करणारी मुलं मी पाहिली आहेत. पहिले दोन तास तो राग उतरवण्यातच जातात.)

त्या आल्या. वय बासष्ट, इंदिरानगरला घर, हातात कापडी पिशवी. त्यांना आपण काकूच म्हणू. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या, "हे बघा, मी शॉपिंग करत नाही. शॉपिंग सून करते. मी बाजार करते."

वाक्य मी लगेच लिहून ठेवलं, कारण अर्धी केस त्यातच होती. बाजार करणारी बाई यादी घेऊन निघते, भाव विचारते, दोन दुकानं फिरते. शॉपिंगला माणूस मोकळ्या हाताने जातो आणि घरी आल्यावर त्याला कळतं की आपल्याला काय हवं होतं. मोठ्या दुकानांच्या हिशेबात दारातून आत आलेला प्रत्येक जण 'शॉपर', मग तो काही घेवो न घेवो. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक म्हणतात. आणि चारचौघांत कुणाची फजिती केली की आपण 'त्याचं गिऱ्हाईक केलं' असंही म्हणतो. मराठीला काहीतरी अनुभव असणार.

"मग भांडण कशावरून होतं?" मी विचारलं.

"कूपनवरून."

पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा निघाला. आत रबरबँड लावलेले गठ्ठे. मेन रोडवरच्या कापडदुकानाचं लकी ड्रॉचं अर्धं फाडलेलं कूपन, कुठल्याशा महाप्रसादाचं गुलाबी कूपन, मुलाच्या शिकतानाच्या मेसची उरलेली चार, आणि सुपरमार्केटची तर पन्नासेक. बहुतेकांची मुदत संपलेली. मला ते पाहून बरं वाटलं. हिशेब बोलण्यापेक्षा वस्तूंवरून लवकर कळतो.

आम्ही टेबलावर ते पत्त्यांसारखे मांडले. शब्द एकच, पण प्रत्येकाचं काम निराळं. महाप्रसादाचं कूपन म्हणजे पंगतीची मोजदाद. मेसचं कूपन म्हणजे आधीच भरलेले पैसे, जेवण तुमचं हक्काचं. लकी ड्रॉचं कूपन म्हणजे निव्वळ आशा. आणि सवलतीचं कूपन? ते एकटंच असं आहे की तुम्ही आधी खर्च केल्याशिवाय त्याची किंमत शून्य. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ कापलेला तुकडा. पूर्वी कर्जरोख्यांना कागदी कूपनं जोडलेली असत. ती कात्रीने कापून द्यायची आणि व्याज घ्यायचं. रोख्याच्या व्याजदराला आजही 'कूपन रेट' म्हणतात तो त्यामुळेच. तेव्हा कूपन कापलं की पैसे यायचे. काकूंना हे फार आवडलं. "आणि आता कापलं की जातात," त्या म्हणाल्या, पण ते नुसतं चतुर वाक्य होतं. आत उतरलेलं नव्हतं.

उतरलं ते तिसऱ्या भेटीत.

त्या दिवशी त्यांनी वही आणली. लांबोडी, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तशी. सुरेख अक्षर. पानावर आडव्या ओळी आणि तीन रकाने: 'एमआरपी', 'दिले', 'वाचले'. प्रत्येक पानाखाली बेरीज, ती पुढच्या पानावर ओढलेली. सव्वा वर्षात 'वाचले'ची बेरीज २३,७४० रुपयांवर गेली होती. ती दाखवताना त्यांचा चेहरा बोर्डाचा निकाल दाखवणाऱ्या मुलीसारखा होता.

"छान ठेवलीय वही."

"तीस वर्षं ठेवतेय."

"काकू, हे तेवीस हजार सातशे चाळीस रुपये आत्ता आहेत कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"बँकेत, पोस्टात, कपाटात. कुठे ठेवलेत?"

त्या बोलल्या नाहीत. वही उलट्या दिशेने चाळत राहिल्या, जणू पैसे मागच्या पानांत राहिलेत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला शिकून घ्यावं लागलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी उत्तर पुरवायचे. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"माळ्यावर," त्या म्हणाल्या.

मग हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

हा प्रश्न माझ्या पद्धतीच्या कुठल्या पुस्तकात नाही. तेव्हापासून ऑफरची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो विचारते. फारसा चुकलेला नाही.

मग आम्ही एकच ओळ उलगडली. त्या दिवशी यादीप्रमाणे ९४० रुपयांचा किराणा हवा होता. कूपन होतं १,५०० च्या खरेदीवर २०० सूट. तेवढा आकडा गाठायला ५६० रुपयांचे जादा जिन्नस घेतले: प्लास्टिकचे सहा डबे, हँडवॉशची मोठी थैली, एक फिनाइल. दिले १,३००. वहीत 'वाचले २००'. प्रत्यक्षात घरातून ३६० जास्त गेले होते. काकूंनी गणित स्वतः केलं, पेन्सिलने, दोनदा.

आता कुणी म्हणेल, झालं की. गणित समजलं, सुटला प्रश्न. तसं होत नाही. गणित काकूंना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मला शोधायचं होतं की इतकी हिशेबी बाई या एका रकान्यापाशीच का अडते.

दुकानाला सगळ्यांकडून एकच किंमत घ्यायची नसते. घाईतला माणूस पूर्ण पैसे देतो. ज्याच्याकडे वेळ आहे, जो कूपन जपून ठेवेल, तारीख लक्षात ठेवेल, रांगेत उभा राहील, त्याला थोडं कमी लावून आत ओढता येतं. म्हणजे कूपन हा एका अर्थी मोकळ्या वेळाचा मोबदला. काकूंकडे आता वेळच वेळ होता.

"पूर्वी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, बुधवारच्या बाजारात जायचे," त्या सांगत होत्या. "भाजीवाल्या मला बघून आधीच भाव पाडायच्या. ह्यांचा नोट प्रेसचा पगार बरा होता, पण दोन नणंदांची लग्नं, सासूबाईंचं आजारपण. घर वाचवूनच उभं केलं मी. आता सून बसल्या जागी मोबाइलवर दूध मागवते. भाव विचारतसुद्धा नाही."

"मग घरात तुमचं काम काय उरलं?"

"कूपन," असं म्हणून त्या स्वतःच दचकल्या.

मॉलमध्ये घासाघीस करता येत नाही. तिथे दुकानदारच दोन्ही बाजूंनी घासाघीस करतो, आधी भाव चढवतो, मग तुमच्या वतीने उतरवतो. जिंकल्याचा आनंद मात्र आपल्याला होतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी, ज्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, हेच नेमकं मांडलंय: वस्तूचा आनंद वेगळा आणि सौदा साधल्याचा आनंद वेगळा. काकूंना सहा डबे नको होते. त्यांना तो दुसरा आनंद हवा होता, कारण त्यातच त्यांची घरातली जागा होती. मुलाला हे व्यसन वाटलं. मला ते निवृत्तीचं दुःख वाटलं. निवृत्त काका झाले होते, त्यांचा निरोप समारंभही झाला. काकूंना कुणी निवृत्त झाल्याचं कळवलंच नव्हतं.

एका भेटीला काकाही आले. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त. मितभाषी माणूस. म्हणाले, "मी आयुष्यभर नोटा छापल्या. नोटेवर मुदत नसते. ज्या कागदावर मुदत असते तो तुम्हाला घाई करतो."

"२०१६ विसरलात वाटतं," काकू म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मुलगा म्हणत होता त्यापेक्षा घर बरंच बरं होतं.

मुदतीबद्दल काकांचं बरोबर होतं. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारात घडलाय, त्यामुळे माझा कान वाक्यातला हट्टाचा 'च' शोधत असतो. "कूपन वाया जाताच कामा नये" असं काकू म्हणायच्या. मी त्यांना तेच वाक्य 'च' गाळून म्हणायला लावलं: "कूपन वाया गेलं तर मला थोडी चुटपुट लागेल." चुटपुट सोसता येते. पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम एक कूपन तारीख उलटू दिलं तेव्हा रात्री दोनदा उठल्या. तिसऱ्या कूपनला तारीखच विसरल्या.

बाकी जे केलं ते साधं होतं. वहीत चौथा रकाना आला, 'ठेवले'. कूपन यादीतल्या वस्तूवर चाललं तर वाचलेले पैसे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात. डब्यात पैसे पडले नाहीत तर 'वाचले' लिहायचं नाही. आणि किमान खरेदीची अट असली की दुकानात शिरण्याआधी यादीची बेरीज करायची, आत गेल्यावर नव्हे. मोबाइलवर 'फक्त सात मिनिटं बाकी' असं घड्याळ धावताना दिसलं तर ॲप बंद करून चहा टाकायचा. खोटी घाई दाखवणं हा ग्राहकाला गंडवण्याचा प्रकार आहे, असं केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतच आलंय. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

घरच्यांना मी जास्त बोलले. माळा त्यांच्या माघारी रिकामा करू नका. 'व्यसन' हा शब्द जपून वापरा. खरेदी लपवली जात असेल, उधारी किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढत असेल, खोटं बोलावं लागत असेल, वस्तू न उघडताच पडत असतील आणि तरी थांबता येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. इथे यातलं जवळपास काही नव्हतं. इथे एका कसबी बाईला काम हवं होतं. सुनेला हे माझ्या आधी कळलं असावं. पुढच्या महिन्यापासून किराण्याची यादी आणि पैसे तिने सासूच्या हातात दिले, आणि उन्हाळ्यात वर्षाचे गहूही तुम्हीच बघा म्हणाली.

शेवटच्या भेटीला काकूंनी वही आणली नाही. पर्समधून एक कूपन काढून माझ्यासमोर ठेवलं. दोन मिसळींवर एक ताक फुकट, मुदत रविवारपर्यंत. "मला नको. तुम्ही जाऊन या," असं म्हणून गेल्या.

रविवारी मी गेले. एकटीच होते. दोन मिसळी मागवल्या, ताक प्यायले आणि दुसरी मिसळ बांधून घरी आणली.