'नम्रता जोपासा' की 'लहान होऊ या'?

प्रश्न भुसावळहून आला आहे. विचारणाऱ्या ताई तिथल्या चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी वर्गात फलक लावायचा आहे. एका इंग्रजी पुस्तिकेतल्या ओळीचे मराठी करताना त्यांनी लिहिले, 'रोजच्या जीवनात विनम्रता जोपासा'. सोबतच्या शिक्षिकेने 'नम्रता' सुचवले, फादरांनी 'लीनता'. यांतला नेमका शब्द कोणता, आणि 'जोपासा' चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, आधी क्रियापदाचे सांगतो, कारण मी अडखळलो ते तिथेच. जोपासना रोपाची करतात, छंदाची करतात. जोपासणाऱ्याची नजर सारखी त्या वस्तूवर असते. किती वाढली, कुठे पान पिवळे पडले. आपली नम्रता किती वाढली हे जो रोज असे बघेल, त्याच्याजवळ ती फार दिवस टिकायची नाही. मराठीने गुणांसाठी वेगळी क्रियापदे ठेवली आहेत. गुण अंगी बाणतो, अंगात मुरतो. दोन्ही अकर्मक. मुरायला वेळ लागतो, पण बरणी सारखी उघडून बघायची नसते.

आता नामे. 'नम्र' म्हणजे वाकलेला. मूळ धातू 'नम्'. संस्कृतात फळांनी लगडलेल्या झाडालाही नम्र म्हणतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत हा अर्थ मला दर वर्षी डोळ्यांसमोर दिसतो. केळ निसवली की घड भरत जातो तसे झाड एका अंगाला कलते आणि त्याला टेकू द्यावा लागतो. घड जमिनीकडे तोंड करून लोंबतो, पण त्यातले एकेक केळ वर वळलेले असते. तुमच्या इंग्रजी 'ह्युमिलिटी' या शब्दाचे मूळही जमिनीतच आहे: लॅटिन 'हुमुस', म्हणजे माती. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना 'तू माती आहेस' हे आपण ऐकतो, त्याच मातीशी हा शब्द जोडलेला आहे.

पण 'नम्र' आता फार वापरून झिजला आहे. अर्जाखाली 'आपला नम्र', फाटकावर 'नम्र विनंती', फलकावर 'विनम्र अभिवादन'. 'वि' लावून त्याचे वजन वाढत नाही. म्हणून फादरांची सूचना मला मोलाची वाटते. 'लीन'चा धातू 'ली', म्हणजे बिलगणे, विरघळणे. तल्लीन, विलीन, लय ही सगळी त्याच घरची. मराठी बायबलमध्ये ख्रिस्त स्वतःला 'मनाचा सौम्य व लीन' म्हणवतो (मत्तय ११:२९), आणि फिलिप्पैकरांस पत्रात त्याने स्वतःला 'लीन केले' असे म्हटले आहे (२:८). माणूस नुसता लीन नसतो, कुणाच्या तरी चरणी लीन असतो. माणसांशी वागताना नम्र, देवापुढे लीन, असा फरक मी स्वतः पाळतो.

'दीन'चा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण 'जे आत्म्याने दीन ते धन्य' हे वचन मुलांना शिकवताना तो येणारच. दीन म्हटले की दीनदुबळा, दीनवाणा आठवतो. तिथे अहिराणी उपयोगी पडेल. 'पोऱ्या भलता गरीब शे' असे आपल्याकडे म्हणतात तेव्हा त्याच्या खिशाबद्दल कुणी बोलत नसते. तो गर्व नसलेला, कुणाला न दुखावणारा आहे, एवढेच सांगायचे असते. प्रमाण मराठीतली 'गरीब गाय' तीच.

सगळ्यात मोलाचे शिकवायचे असेल तर 'कमीपणा' हा शब्द घ्या आणि त्याची तीन क्रियापदे फळ्यावर लिहा. कमीपणा घेणे, कमीपणा वाटणे, कमीपणा आणणे. पहिला आपण होऊन घेतलेला. दुसरा आतून कुरतडणारा. त्यालाच हल्ली न्यूनगंड म्हणतात. तिसरा दुसऱ्याने लादलेला, आणि तो अन्याय आहे. ख्रिस्ती शिकवणीतली नम्रता फक्त पहिल्यात बसते. स्पेनमधल्या आविलाची संत तेरेसा म्हणे, नम्रता म्हणजे सत्यात चालणे. उत्तम गाणाऱ्या मुलीने 'मला कुठे येतं' म्हणणे हे सत्य नाही. आणि ज्याच्यावर जन्मभर तिसरा कमीपणा लादला गेला, त्याला नमते घ्यायचा उपदेश करणे मला मुळीच मान्य नाही.

ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. तिथे पाहिलेले एक दृश्य सांगतो. पाय धुण्यासाठी निवडलेल्या बारा जणांत केळी कापणीवर जाणारे एक काका होते. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, टाचांच्या भेगांत काळी माती. घरून दोनदा पाय धुऊन आलो, असे ते शेजाऱ्याला हळूच सांगत होते. फादर गुडघ्यांवर बसले तसे त्यांनी पाय मागे घेतला. फादर थांबले, वर बघितले, वाट पाहिली. मग काकांनी पाय आपण होऊन पुढे केला आणि फादरांनी तो बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसला. पाय मागे घेतला तो संकोच होता. पुढे केला ती नम्रता, असे मला त्या दिवशी कळले. ख्रिस्त पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रानेही आधी नकारच दिला होता.

मुलांच्या वर्गासाठी मात्र मी वेगळाच शब्द सुचवीन: लहानपण. 'लहानपण देगा देवा' हे तुकोबांचे मागणे आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. मराठीत लहानपण म्हणजे बाल्यही आणि धाकुटेपणही. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाने हेच दोन अर्थ एकत्र जगून दाखवले. ती १५व्या वर्षी कार्मेल मठात गेली, २४व्या वर्षी, १८९७ मध्ये वारली, आणि १९९७ मध्ये ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद, म्हणजे शिकवणीसाठी संतांना दिला जाणारा मान, दिले. तिच्या मार्गाला 'लहान वाट' म्हणतात. देवापुढे मूल होणे आणि लहान राहणे या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द तयार आहे. तो सोडून 'विनम्रता' आणायची गरज मला वाटत नाही.

तेव्हा मोठ्यांच्या सभागृहात 'लीन होऊ या' लिहा, मुलांच्या वर्गात 'लहान होऊ या'. मुले म्हणतील, आम्ही तर लहानच आहोत. मग त्यांना तेरेझाच्या मठातले धुणे सांगा: समोरची भगिनी रुमाल धुताना घाण पाणी तिच्या तोंडावर उडवत असे, आणि तेरेझा मागे न सरता, तोंड न पुसता रुमाल धूत राही.